रहोबोथची विहीर



उत्पत्तीच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची हकिगत आहे. अब्राहामाच्या काळातील विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या, नव्याही खणल्या. पण जिवंत झरा लागताच गरारचे गुराखी त्यावर हक्क सांगू लागले. त्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे भांडण. दुसऱ्या विहिरीवरही तेच झाले. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. इसहाक पुढे सरकला. तिसऱ्या विहिरीवर कोणी तंटा केला नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले, म्हणजे ऐसपैस जागा.

आपल्या प्रवराकाठी एसेक आणि सितना पुष्कळ आहेत. रहोबोथ मात्र सापडत नाही. इसहाकापुढे मोकळा मुलूख होता, म्हणून एक विहीर सोडून तो दुसरीकडे जाऊ शकला. आपल्याला कोठे जायचे? भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. पाटाला पाणी खेळले, ऊस आला, कारखाने आले, गावे वाढली. नदी तेवढीच राहिली, तिच्यावरचे हक्क मात्र वाढत गेले. आज कागदावर वाटलेले पाणी जास्त आणि अवर्षणाच्या वर्षी धरणात आलेले पाणी कमी, अशी आपली अवस्था आहे.

पाटाचे पाणी निदान डोळ्यांना दिसते. आवर्तन कधी सुटणार, कोणत्या चारीला किती दिवस मिळणार, यावर आपण चर्चा करतो. जमिनीखालच्या पाण्याविषयी मात्र आपण बोलत नाही. 'माझी जमीन, माझी बोअर, माझी मोटार' असे म्हटले की विषय संपतो. सातबाऱ्याच्या हद्दी जमिनीवर आहेत. खाली हद्द नाही. आपल्या मुलखाच्या बुडाशी काळा पाषाण आहे. त्याच्यावरच्या मुरमात आणि त्याच्या भेगांत जे थोडे पाणी मुरते, तेच माझ्या विहिरीत आणि शेजाऱ्याच्याही विहिरीत उतरते. एकाने खोल बोअर घेतली की दुसऱ्याच्या विहिरीचे झरे आटतात; मग तो कर्ज काढून आणखी खोल जातो. पाणी वाढत नाही, कर्ज तेवढे वाढते. ज्याला कर्ज मिळत नाही, त्या अल्पभूधारकाची विहीर सर्वांत आधी कोरडी पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेऊ या. पाट आणि विहीर ही दोन वेगळी पाणी नव्हेत. पाटातून झिरपलेले पाणी विहिरीला येते. नदीकाठच्या विहिरी बेसुमार उपसल्या की नदीची धार बारीक होते. एकच पाणी आपण पाटाच्या हिशेबात धरतो आणि पुन्हा विहिरीच्याही हिशेबात धरतो. असा हिशेब कधी जुळणार?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी एक सूक्ष्म भेद सांगितला. वस्तू सांभाळण्याचा आणि तिची व्यवस्था पाहण्याचा अधिकार माणसाला व्यक्तिशः असू शकतो. पण वापराच्या बाबतीत ती सर्वांची आहे असे मानून गरजवंताला वाटा देण्याची तयारी हवी. म्हणजे विहीर माझी असू शकते, पण तहान सर्वांची आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात पिण्याच्या शुद्ध पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले, ते याच परंपरेतून.

हे केवळ व्यासपीठावरून बोलण्यापुरते नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, घरातील माणसांच्या संख्येने वाटले गेले: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला मज्जाव होता. आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअर बंद केल्या. तिथे दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसे आणि जनावरे, मग उरेल त्यात पिके. ही गावे आपल्याहून जास्त पावसाची नव्हेत. रहोबोथ त्यांना सापडली नाही. त्यांनी ती आपसांत ठरवून तयार केली.

आता एक अवघड गोष्ट. तुटीच्या वर्षी आपल्या वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडले की आपल्या भागात संताप उसळतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्येही तो उसळला. पाटाचे आवर्तन चुकले की उभे पीक जाते, हे दुःख खरे आहे. पण २००५ च्या कायद्याने खोऱ्यातील तूट सर्वांनी वाटून घ्यावी असे म्हटले, त्यामागचा न्यायही खरा आहे. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते; तिच्या काठी राहणारा परका नव्हे. खालच्यांनाही हाच नियम लागू आहे: तहान आधी, ऊस नंतर. चारीच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचावे असे आपण म्हणतो. मग नदीच्या टोकाविषयी वेगळे कसे म्हणावे?

तर आपण काय करू शकतो? भूजल यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. आपणही दोरी आणि खडूने प्रत्येक वाडीतील दोन विहिरी मोजू या, आणि आकडे चर्चच्या फलकावर लिहू या. सुरुवात चर्चच्या आवारातील विहिरीपासून करू. शेतीसाठी ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला भूजल कायद्याची मनाई आहे; ती पाळू या. ठिबक जरूर बसवावे, पण वाचलेल्या पाण्यावर ऊस वाढवला तर वाचले काय? ते पाणी जमिनीतच राहू द्यावे. आणि ज्याची विहीर आटली त्याला शेजाऱ्याने पिण्यापुरते पाणी न मागता द्यावे.

रानातील मान्ना आठवू या. ज्याने जास्त गोळा केला त्याचा उरला नाही, ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. आणि साठवून ठेवलेल्यात किडे पडले. याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसलेल्या प्रभू येशूने एका परक्या स्त्रीकडे पाणी मागितले. आपल्या बांधावर जो तहानलेला उभा राहतो, त्याच्यात तो प्रभू ओळखण्याची कृपा परमेश्वर आपणां सर्वांना देवो. आमेन.