वडीची वंशावळ

त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळीसाठी किंवा त्रिपिंडी श्राद्धासाठी आलेला यजमान तीर्थोपाध्यायांच्या घरी टेकला, की त्याला आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग जुनी वही निघते, पानं उलटतात आणि पणजोबा कधी येऊन गेले, त्यांचे भाऊ किती, मुलगे किती, हे सगळं त्याच्यासमोर येतं. कित्येकांना आपल्या घराण्याची एवढी माहिती स्वतःच्या घरात मिळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या या नामावळ्या सांभाळणाऱ्या घरांबद्दल मला फार आदर वाटतो.

पण वंशावळ बापाकडून मुलाकडे सरळ खाली उतरते. घरातली चव तशी उतरत नाही. ती आईकडून लेकीकडे जाते, लेकीबरोबर सासरी जाते आणि तिथल्या सासूच्या हातात मिसळून सुनेकडे येते. एखाद्या घरची खोबऱ्याची वडी ‘आमच्या घराण्याची’ म्हणून मिरवली जाते, पण खणून पाहिलं तर ती कुणा पणजीच्या माहेरची निघते. त्या पणजीचं लग्नात आडनाव बदललं, बहुतेक वेळा पाळण्यातलं नावही बदललं. वडी तेवढी राहिली; कोणाची, ते गेलं.

त्र्यंबकच्या डोंगराळ भागात भात, नागली, वरई पिकते. नारळ इथला नव्हे. तरी देवाच्या गावी तो पूजेबरोबर येतोच आणि फोडलेला ओला नारळ टिकत नाही. साखर पाणी बांधून ठेवते, म्हणून जे खोबरं दुसऱ्या दिवशी आंबलं असतं ते वडी होऊन आठवडाभर राहतं. वडी ही आधी टिकवण्याची युक्ती आहे, पक्वान्न नंतर. तिळाच्या वडीचं निमित्त निराळं. पौष वद्य एकादशीला इथे संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात. त्या एकादशीला षट्‌तिला म्हणतात. स्नानापासून खाण्यापर्यंत सहा प्रकारे तीळ वापरायचे, अशी तिची रीत. संक्रांतीच्या आगेमागेचे हे दिवस, म्हणजे घरोघरी तिळाच्या वड्यांचे दिवस.

या वड्यांची कृती मागितली, की जुन्या बायका ‘अंदाजानं घालायचं’ म्हणतात आणि शिकलेली मुलं वैतागतात. माझ्या मते इथे मुलं चुकतात. गुळाचा पाक झाला की नाही, हे ताटलीतल्या पाण्यात थेंब टाकून बघायचं. थेंब पसरला तर कच्चा, बोटांनी त्याची मऊ गोळी वळली तर झाला. ही परीक्षा थेट पाकाचीच आहे. तापमापक मात्र पाकाबरोबर हवेचा दाबही मोजत असतो. त्र्यंबक समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे पाणी मुंबईपेक्षा सुमारे अडीच अंश आधीच उकळतं. मुंबईत ११२ अंशांवर गोळीबंद होणारा पाक इथे १०९-११० वरच तयार असतो. मुंबईचा आकडा धरून बसलेला माणूस इथे पाक पुढे नेईल आणि वडी दाताला लागेल. पाण्यातली गोळी मुंबईतही खरं बोलते आणि इथे ब्रह्मगिरी डोंगराच्या पायथ्याशीही.

तीच गोष्ट हवेची. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी निघते, तेव्हा इथलं आभाळ जमिनीला टेकलेलं असतं. साखर आणि गूळ ती ओल ओढून घेतात, वडीला पाझर सुटतो. म्हणून जाणती बाई पावसाळ्यात पाक किंचित जास्त आटवते. हे तिनं कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ‘गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की उतरव’, ‘तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडानं थाप’, ‘गरम आहे तोवर सुरी फिरव’ – या सूचना आकड्यांपेक्षा नेमक्या आहेत आणि वहीत नेमक्या त्याच नसतात.

जे लिहिलेलं असतं तेही हलतं. दशमान वजनं १९६२ पर्यंत देशभर सक्तीची झाली. त्याआधीच्या वहीत ‘पावशेर साखर, एक नारळ, रुपयाभर वेलदोडे’ असं असायचं. रुपयाभर म्हणजे एक तोळा, साडेअकरा ग्रॅमच्या जरा वर. पावशेर म्हणजे वीस तोळे, साधारण २३३ ग्रॅम. नव्या पिढीनं पावशेरचं पाव किलो केलं, नारळ मात्र एकच राहिला. म्हणजे कुणी न ठरवता साखर सात टक्क्यांनी वाढली. ‘आजीची वडी इतकी गोड नव्हती’ ही तक्रार नुसती आठवणींच्या लाडाची नसते.

छापील पुस्तकांनी मोठं काम केलं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० चं, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० चं. कमलाबाईंनी वाटी-चमच्याची मापं दिली आणि घरापासून दूर संसार थाटलेल्या मुलींना स्वयंपाकाचा धीर दिला. पण पुस्तक सगळ्यांचं असतं. एका घराचा हात त्यात मावत नाही.

साधनं बदलली म्हणून परंपरा मोडत नाही; भट्टीचंच बघा. ओव्हन घरात आले त्याच्या कितीतरी आधी कोकणात तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस वरखाली निखारे ठेवून भाजत होते. घरचं तूप-पीठ बेकरीत देऊन नानकटाई भाजून आणत होते. आज कुणी नागली, गूळ आणि तूप ओव्हनमध्ये भाजून त्याच्या वड्या पाडत असेल, तर ती या परंपरेच्या बाहेर नाही. डब्यातलं आटवलेलं दूध घालून दहा मिनिटांत केलेली खोबऱ्याची वडीही खुशाल करावी. तिच्यात पाक घोटल्यावर येणारा बारीक रवाळपणा नसतो, ती चिवट लागते, पण पोरांना आवडते. फक्त तिला आजीची म्हणू नये. नाव एकाचं आणि कृती भलतीच, अशानं नोंद बिघडते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. या पौषात घरातली जी बाई वड्या उत्तम करते तिच्याशेजारी कढई चढल्यापासून बसा. तिचा हात थांबेल तिथे तिला विचारा, की आत्ता काय दिसलं. तिची वाटी वजन करून घ्या. पाऊस असेल तर काय बदलते, तेही विचारा. आणि कृतीच्या वर तिचं नाव लिहा, माहेरच्या आडनावासकट. तिला ज्या बाईनं शिकवलं तिचंही.