नव्या घराचा कठडा

घर विकत घेऊन खरेदीखत हाती आले, म्हणजे सर्व झाले असे आम्हांस वाटत नाही. अनुवादाच्या २२ व्या अध्यायाचे ८ वे वचन पाहा. नव्या घराच्या धाब्यास कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास तो दोष घरावर येईल, अशी तेथे आज्ञा आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात मुलेबाळे माळवदावर निजतात. तेव्हा तिचा अर्थ आपणांस सांगावयास नको. म्हणून घरभरणीच्या जेवणावळीसाठी कर्ज काढण्यापूर्वी कठडा बांधावा.

दुसरी गोष्ट. जालन्याजवळ रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात बेथेल गाव वसविले. बेथेल म्हणजे देवाचे घर. ज्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर, अशा पुष्कळ कुटुंबांस तेथे ठाव मिळाला. ज्यांच्या वाडवडिलांस गावाने बाहेर ठेविले, त्यांनी आपल्या उंबऱ्याबाहेर कोणास उभे ठेवावे काय? कठडा पडणाऱ्यास अडवितो, येणाऱ्यास नव्हे. नव्या घरी पहिल्या संध्याकाळी कुटुंबासह प्रार्थना करा, आणि शेजाऱ्यास, मग तो कोणत्याही जातीचा असो, आत बोलावून पाणी द्या. असे घर लहान असले तरी बेथेलच होय.