कोप आणि धाक

आपला विठोबा कटेवर हात ठेवून उभा. त्यामुळे यहुदी शास्त्रातला देव कोपतो, हे ऐकले की माळकऱ्याला शंका येते : क्रोध तर षड्‌रिपूंतला, मग तो देवाला कसा? पूर्वपक्ष सोपा आहे, पण उथळ आहे.

हे शास्त्र आपल्याला अगदीच परके नाही, बरे का! कुलाब्याकडचे, म्हणजे आजच्या रायगडातले बेने इस्राएल शतकानुशतके मराठी बोलत आले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. १८८० नंतर त्यांनी आपल्या धर्मकथांवर मराठीत कीर्तनेही केली. वर्षातून एक दिवस ते दारे लावून निराहार राहत. तो दारफळणीचा सण. त्याच दिवशी जगभरचे यहुदी योनाची कथा वाचतात. निनवे नगर चाळीस दिवसांत उलथणार, अशी दवंडी त्याने पिटली. लोक पस्तावले, देवाने हात आवरला. मग रागावले कोण? योनाच! शहर वाचले म्हणून.

आपण म्हणतो, याच्या नाकावर राग. हिब्रूत तर नाक आणि राग यांना शब्दच एक, ‘अफ’. आणि देव सहनशील आहे हे सांगायचे तर त्याला लांब नाकाचा म्हणतात! हा लांब नाकाचा देव भडकतो कशावर? विधवेला, पोरक्याला छळले की. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असा त्याचा दंडक. अंबडच्या कारखान्यातून सुटून थेट कीर्तनाला येणाऱ्याला हा राग समजावून द्यावा लागत नाही. ज्याला कळवळा नाही, त्याला असा कोप येईलच कुठून? आणि आपण? माउली आहे, पोटात घालील, असे म्हणत मजुरी बुडवणाराही टाळ कुटतो.

भयाचेही तसेच. भिणे आणि थोरवीपुढे नमणे, दोन्हींना हिब्रूत ‘यिरा’. मराठीत ‘धाक’ त्याच्या जवळचा. चोराची भीती वाटते, वडिलांचा धाक वाटतो. भीतीने माणूस पळतो, धाकाने जागच्या जागी सावरतो. कठोपनिषदातही अग्नी तापतो, सूर्य तळपतो तो त्याच्या भयानेच. आणि विश्वरूप पाहून अर्जुन कापला, तरी रथ सोडून पळाला नाही.

सारा उलगडा झाला, असे मात्र म्हणवत नाही. कराराचा कोश गाडीवरून नेताना बैल अडखळले, उज्जाने सावरायला हात लावला, आणि तो तिथेच मेला. बिचाऱ्याचा हेतू तर चांगला! दावीद राजाही आधी चिडला, मग भ्याला. कोश घरी न्यायचे धैर्य त्याला होईना. तीन महिने तो ओबेद-अदोमाकडे राहिला, आणि त्या घराचे भलेच झाले. ते कळल्यावर दावीद पुन्हा गेला, आणि कोशापुढे नाचत नाचत त्याने तो नगरात आणला.