कुणी केलं, की कशानं झालं?

घरातली वस्तू बिघडली की आपल्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "कुणी हात लावला होता?" मग तो मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर चालता चालता बंद पडणारा कॉम्प्युटर असो. "कशानं झालं?" हा प्रश्न मागाहून येतो, कधी येतच नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्याच्या घाईत दुसऱ्याचं उत्तर हातचं जातं, असं मला वाटतं.

आमच्याकडचा कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला तेव्हा प्रत्येकानं आपापला निकाल देऊन टाकला. सासरे म्हणाले, नातू सारखा गेम खेळतो म्हणून. नातू म्हणाला, स्वयंपाकघरात मिक्सर लागला की जातो. सूनबाईंचं म्हणणं, दुपारीच जातो. प्रवचनात अनेकान्त ऐकताना आपण माना डोलावतो. घरात मात्र ज्याचं त्याचं एकच टोक खरं!

दुरुस्तीला आलेल्या मुलानं कुणाचं नाव विचारलं नाही. त्यानं विचारलं, सुरू केल्याबरोबर जातो की अर्ध्या तासानं? पूर्ण बंद होतो की आपोआप परत सुरू होतो? यूपीएसची बॅटरी किती वर्षांची? मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. यूपीएस काढून वायर सरळ भिंतीतल्या बोर्डाला लावली. आता मिक्सर लावला तरी कॉम्प्युटर चालूच. म्हणजे बॅटरी दमली होती. ती साधारण ३ ते ५ वर्षं टिकते, आणि मिक्सरनं करंट जरा खाली ओढला की तिला भार पेलत नव्हता. पण गेम लावल्यावर अर्ध्या तासानं कॉम्प्युटर तरीही गेलाच. तेव्हा करंट काढून कडेचं झाकण उघडलं. आतल्या पंख्याखाली धुळीचा जाड थर. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून स्वतःच सगळं बंद करतो. गेमनं तो जास्त तापत होता, दुपारच्या उकाड्यानं त्यात भर. म्हणजे तिघांनी पाहिलेलं खरं होतं. निकाल तेवढे अर्धवट होते.

विंडोज अशा प्रसंगांची नोंदही ठेवतं. ४१ क्रमांकाची नोंद एवढंच सांगते की कॉम्प्युटर नीट बंद न होताच पुन्हा सुरू झाला. नेमकं कशामुळे, ते त्यात नसतं. आपणही मनात अशा नोंदी ठेवतो, "त्या दिवशी ती मला असं बोलली." तारखेसकट. आणि नोंद आहे म्हणजे कारण कळलं, असं धरून चालतो.

यावर कुणी म्हणेल, कारणच शोधत बसलं तर चुकणारा मोकळा सुटेल की! मला तसं वाटत नाही. कारण सापडलं की जबाबदारी काम होऊन समोर येते: दर सहा महिन्यांनी धूळ कोण काढणार, बॅटरी कधी बदलायची. दोष दिला की माणूस आधी स्वतःला वाचवतो. रागे भरलं असतं, तर "मी गेम खेळत होतो" हे नातवानं कशाला सांगितलं असतं? आणि तेच कळलं नसतं, तर धूळही सापडली नसती. आरोप करून आपण पुरावाच घालवतो.

माणूस यंत्र नाही, हे खरं. जाणूनबुजून दुखवणाऱ्याला तसं तोंडावर सांगावंच लागतं. पण अचानक गप्प झालेली सून, अभ्यासातून मन उडालेलं मूल, क्षुल्लक गोष्टीवर भडकणारा नवरा, यांच्या बाबतीत "कुणी शिकवलं तुला हे?" असं विचारण्याआधी कधीपासून, कशानंतर, किती ताण पडल्यावर, एवढं तरी विचारून पाहावं. उत्तर मिळेपर्यंत निकाल राखून ठेवणं बायकांना सोपं नाही, पुरुषांना तर नाहीच. पण घरातली पुष्कळ माणसं तेवढ्यानंच बोलती होतील.