दिलेलं की पडलेलं?

जुन्या इंदुरात आमच्या घरी नमकीनचा डबा कधी रिकामा नसतो, तरी परवा सुनेनं मोबाइलवरून एक नवं पाकीट मागवलं. कच्च्या केळ्याच्या किसाचा चिवडा, कांदा-लसूण नाही, वर जिरावन. एक घास खाल्ला आणि मी थबकलेच. दीड वर्षापूर्वी याच कंपनीच्या बटाट्याच्या चिवड्यावर मी अभिप्राय लिहिला होता : आम्ही जैन, कंदमूळ खात नाही, बटाट्याऐवजी कच्चं केळं किसून तळा, वर जिरावन भुरभुरा.

"आई, तुमची कृती चोरली की हो त्यांनी!" सून म्हणाली.

चोरली? हल्ली कंपन्या हजारो गिऱ्हाइकांचे अभिप्राय गोळा करतात, कुठली मागणी पुन्हापुन्हा येते ते संगणकाकडून मोजून घेतात आणि त्यावरून पुढचा माल ठरवतात. माझ्यासारखं आणखी पन्नासजणींनी लिहिलं असेल. आणि गिऱ्हाइकाचं ऐकणं वाईट कसं? आमच्या गल्लीतला नमकीनवाला सासूबाईंना विचारायचा, "काकी, शेव कशी झाली?" लवंग जास्त झाली म्हटलं, की पुढच्या घाण्याला कमी करायचा. पण पहिली पुडी आमच्या घरी पाठवायचा, बिनपैशाची.

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्य सांगतात, की दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली, विसरलेली वस्तूसुद्धा त्यानं दिल्यावाचून घेऊ नये. माझा अभिप्राय यातला कुठला? 'अटी मान्य' म्हणून बोट मीच टेकवलं होतं, न वाचता. कायद्याच्या दृष्टीनं ते देणं झालंही असेल. मला मात्र वाटतं, आपण देतोय हे देणाऱ्याला ठाऊक असलं, तरच ते दान.

विचारून घेणारेही आहेत. लेजनं 2009 मध्ये आपल्याकडे लोकांकडून वेफर्सच्या चवी मागवल्या, तेव्हा जिंकणाऱ्याला विक्रीतला एक टक्का कबूल केला होता. खेळणी करणारी लेगो कंपनीही लोकांनी सुचवलेल्या खेळण्यांना 10,000 जणांचा पाठिंबा मिळाला, की त्यांचा विचार करते, आणि खेळणं बाजारात आलं तर सुचवणाऱ्याला विक्रीतला एक टक्का देते.

हे सगळं सुनेला मी तावातावानं ऐकवत होते. ती सहज म्हणाली, "पण आई, तुम्ही हे कुठं शिकलात?"

शेजारच्या काकींकडे. त्या जैनही नव्हत्या. आमच्या चातुर्मासात मला खाता यावं म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केळ्याचा कीस करून पाहिला होता. त्यांनी दिला तो मला, माझ्या ताटात. तो जगापुढे मांडताना मी त्यांचं नाव घेतलं नाही, त्यांच्या लेकीला विचारलं नाही. मला सुचलंसुद्धा नाही, बाई.

संध्याकाळी उरलेलं पाकीट घेऊन त्यांच्या लेकीकडे गेले, सगळं सांगितलं. तिनं चिमूटभर तोंडात टाकलं, जरा वेळ चघळलं.

"हिंग कमी आहे," ती म्हणाली. "आई जास्त घालायची."

तेवढं मी अभिप्रायात लिहायला विसरले होते.