दावा गावाकडून लावता यावा

गुरुचरित्र लिहिणारे सरस्वती गंगाधर कडगंचीचे. कानडी मुलखातल्या या गावाच्या नावाशी मराठीतला एवढा मोठा ग्रंथ जोडलेला आहे. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागलं गेलं. कडगंचीचा आळंद तालुका म्हैसूरकडे गेला, शेजारचा उमरगा मुंबई राज्यात. माणसं पोटामागे ये-जा करतच राहिली.

इथला एखादा गडी पुण्यात परांचीवरून पडून दगावला, तर त्याच्या बायकोने भरपाई मागायची कुठे? १९२३च्या कामगार भरपाई कायद्याचं जुनं उत्तर होतं, अपघात झाला तिथल्या आयुक्ताकडे. म्हणजे दर तारखेला रोज बुडवून पुण्याची खेप. १९९५च्या दुरुस्तीने दावेदार राहतो तिथेही दावा लावता येऊ लागला. २००७ साली मोर्गिना बेगम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क उचलून धरला. मला ही दुरुस्ती भरपाईच्या रकमेइतकीच मोलाची वाटते.

तोच गडी दुबईला गेला तर? त्याला भारतात नोंदलेल्या कंपनीने तिकडे नेलं असेल, तर त्यालाही त्याच दुरुस्तीने आधार दिला. तिथल्याच मालकाच्या व्हिसावर गेला असेल, तर तिथला कायदा, तिथली भाषा आणि तिथलं न्यायालय. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२५ सालीच एकोणिसाव्या करारात म्हटलं होतं की परक्या देशाच्या कामगाराला आणि त्याच्या वारसांना, ते कुठेही राहत असोत, स्थानिकांइतकीच भरपाई मिळावी. भारताने १९२७ साली तो स्वीकारला. पण करार बांधतो तो स्वीकारणाऱ्यांनाच, आणि संयुक्त अरब अमिराती त्यांत नाही.

युरोपीय संघात पोलंडचा कामगार जर्मनीत जखमी झाला, तर तो मायदेशी उपचार घेऊ शकतो आणि खर्च जर्मन विमा संस्थेकडून वसूल होतो. आपणही बेल्जियम, जर्मनीशी सामाजिक सुरक्षेचे करार केले. त्यांचा भर मात्र पेन्शनवर आणि दुहेरी वर्गणी टाळण्यावर. लाभ मुख्यतः कंपनीने पाठवलेल्या पगारदारांना. आखाताकडे निघालेल्या मजुराच्या हाती उरते प्रवासी भारतीय बीमा योजना: अपघाती मृत्यू झाला किंवा नोकरी गमवावी लागेल असं कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. बोटं तुटून परतलेल्याचं काय?

आखाती देशांशी मजुरांविषयी बोलणी होतात, तेव्हा भारताने एक कलम आग्रहाने मागावं. आळंदच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, कलबुर्गीच्या कामगार कार्यालयात दिलेला अर्ज दूतावासामार्फत तिथे दाखल धरला जावा, साक्ष इथेच नोंदवता यावी आणि भरपाई थेट वारसाच्या खात्यात जमा व्हावी. आळंदच्या बाईला पुण्याची खेप चुकवून देणाऱ्या देशाला ही मागणी नवखी नाही.