छायेचे माप

दिवाळीच्या सुमारास आभाळ निवळलेले असते आणि पानझडी रानांच्या अंगावर अजून पाने असतात. म्हणून देहरादूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाची चित्रे बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली निवडते. आपण अंगणात पणत्या मांडत असतो, तेव्हा वरून सह्याद्रीची छबी निघत असते! तीच रानें ऐन वैशाखात टिपली, तर पुष्कळशी उजाड ठरतील.

हिशेबाचा नियम असा : जमीन निदान १ हेक्टर हवी आणि तिच्या शेकडा १० भागावर तरी वृक्षांचे छत्र हवे. मालक कोण, झाड कोणते, हे पाहावयाचे नाही. २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या २१.७६ टक्के भूमीवर असे वनाच्छादन आहे.

खाली रानात उतरून मोजणाऱ्यांसाठी लेमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५६ साली एका आरशाचे वर्णन प्रसिद्ध केले. आरसा फुगीर, त्यावर २४ चौकोन कोरलेले. तो सपाट धरावयाचा, चारी दिशांना तोंड करून उभे राहावयाचे आणि किती चौकोनांत आभाळ उतरले ते मोजावयाचे. मला हे साधन फार आवडते. आभाळ पाहण्यासाठी त्यात मान खाली घालावी लागते.

आता कोकणातल्या एखाद्या गावाची कल्पना करा. उतारावर काजूची कलमे ओळीने उभी, ते वनाच्छादन. गावची देवराई, गारंबीच्या वेलांनी जखडलेली, पण वीस गुंठ्यांची. ती वनाच्छादनात नाही. तिची गणना ‘वृक्षाच्छादन’ या निराळ्या सदरात, बांधावरच्या आंब्याशेजारी, आणि तीही नमुन्यावरून काढलेल्या अंदाजाने.

यात खोटे कोण बोलले? कोणीच नाही. रेघ कुठेतरी मारावीच लागते. ३५ गुणांची रेघ मारणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तराने तिला हसू नये. शिवाय १९८७ साली या संस्थेचा पहिला अहवाल निघाला नसता, तर ‘रान गेले हो’ ही हाक कोणत्या पुराव्याने सिद्ध करावयाची? दोष मापात नाही. एकीकडे जुने अरण्य तुटले, दुसरीकडे तेवढीच बाग वाढली आणि बेरीज तीच राहिली, म्हणून आपण स्वस्थ बसलो, तर तेथे खऱ्या आकड्यांनीच खोटे बोलणे सुरू होते. जुने रान आणि नवी लागवड यांचे रकाने वेगळे असावेत, एवढे तरी आपण मागावे. आणि वीस गुंठ्यांच्या देवराईला गावाच्या दप्तरात स्वतःच्या नावाची एक ओळ.